कंबरदुखीचं मूळ शोधायचंय, पुण्यात कुठल्या डॉक्टरकडे जावं? (बजेट ८ हजार)

कर्वेनगरची_ताई
धाकटा भाऊ, वय २७, हिंजवडीला नोकरी. दीड वर्ष कंबर दुखतेय. दोन ऑर्थो झाले, एक्स-रे नॉर्मल. गोळी घेतली की दिवस निघतो, सोडली की पुन्हा तेच. दुखणं दाबायचं नाहीये, का दुखतंय ते कळायला हवंय. कुणाकडे जावं, कुठल्या तपासण्या कराव्यात? बजेट तपासण्यांसकट ८ हजार. त्याच्या वरचं कृपया सुचवू नका.

पौड_फाटा
गादी बदला. मी गेल्या दिवाळीत ४२ हजारांची घेतली, तिसऱ्या दिवशी कंबर गप्प. डॉक्टरांवर घालवलेले पैसे आठवले की अजून चरफडतो.

कर्वेनगरची_ताई
दादा, बजेट ८ हजार आहे.

पौड_फाटा
ईएमआयवर मिळते.

सिंहगड_रविवार
वय २७ आणि कंबरदुखी? आमचं ६१ चालू आहे, दर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड, वर पिठलं-भाकरी, उतरताना धावत. ही पोरं बसून बसून गंजलीत. रोज पर्वती चढायला लावा, १०३ पायऱ्या, महिन्यात मोकळा होईल.

नारायण_पेठ
आणि उतरताना गुडघे गेले की नवा धागा काढा. बाय द वे, भाऊ दुचाकीवर जातो का? मूळ कारण तिथेच आहे. चांदणी चौक ते हिंजवडी रोज दोनदा म्हणजे मणक्याचं मिक्सर.

बुलेटवाला
स्कूटर असेल तर होणारच. लहान चाकं, खड्डा सरळ कंबरेत. बुलेट घ्या, धक्का कळतही नाही.

नारायण_पेठ
बुलेटचं व्हायब्रेशन मग कुठे जातं, पेट्रोलच्या टाकीत?

तेल_तूप
पंचकर्म करा. मला कटिबस्तीने फरक पडला होता. नंतर परत दुखायला लागलं ते वेगळं, पथ्य माझ्याच्याने झालं नाही.

एकदा_फसलेला
माझी चूक सांगतो. कुणाला न विचारता स्वतःच एमआरआय काढला. रिपोर्टात ‘डिस्क बल्ज’ (मणक्यांमधली चकती फुगलेली) वाचून इतका घाबरलो की दोन महिने वाकलो नाही, चपलासुद्धा बायकोने सरकवायच्या. नंतर एका डॉक्टरांनी सांगितलं, असे बल्ज काही न दुखणाऱ्या कितीतरी लोकांतही दिसतात. दुखलं ते न हलल्यामुळे जास्त.

शाकाहारी_कट्टर
बी१२ आणि डी जीवनसत्त्व तपासा. माझं बी१२ ११० निघालं होतं.

हाताचं_काम
मी फिजिओ आहे. ताई, गादीचं नंतर बघा, आधी भावाला एवढं विचारा: सकाळी उठल्यावर आखडलेपण किती वेळ राहतं? हालचाल केली की बरं वाटतं का पडून राहिलं की? पहाटे दुखण्याने जाग येते का? टाच दुखते का, डोळा लाल होऊन दुखला होता का? घरात कुणाला संधिवात किंवा सोरायसिस?

कर्वेनगरची_ताई
आत्ता फोनवर विचारलं. पाऊण तास तरी आखडलेला असतो. मोजे घालायला पाय वर घेता येत नाही, आई घालून देते. ऑफिसात फिरला की बरं, शनिवार-रविवार लोळला की वाईट. पहाटे साडेचारला उठून हॉलमध्ये फेऱ्या मारतो, आम्हाला वाटायचं कुणाशी तरी चोरून बोलतोय. आणि हो, मागच्या वर्षी डोळा लाल झाला होता, आठवडाभर उजेड सहन होईना. कंबरेचा आणि डोळ्याचा काय संबंध?

हाताचं_काम
असू शकतो. हे ऐकून ऑर्थोच्या आधी संधिवाततज्ज्ञ म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट गाठा. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसच्या (मणक्याच्या संधिवाताच्या) जातीचा आजार आहे का, हे तपासायला हवं. तो तरुणपणीच सुरू होतो आणि एक्स-रेत दिसायला काही वर्षं जाऊ शकतात, म्हणून नॉर्मल रिपोर्टवर विसंबू नका. डॉक्टर सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) आणि एचएलए-बी२७ (या आजाराशी जोडलेलं जनुक आहे का ते बघणारी) सांगतील, गरज वाटली तर कंबरेखालच्या सांध्यांचा एमआरआय. बी२७ पॉझिटिव्ह म्हणजे आजार आहेच असं नाही, निरोगी माणसांतही सापडतो. त्यामुळे लॅबचं पॅकेज घेऊन परस्पर तपासू नका. बजेटचं म्हणाल तर ससूनची ओपीडी आहे, सकाळी लवकर जा. रोजच्या गोळीचंही त्यांना सांगा, पोट आणि मूत्रपिंड दोन्हींवर परिणाम होऊ शकतो. आणि पायातली ताकद गेली किंवा लघवी-शौचाचा ताबा सुटला तर वाट न बघता थेट इमर्जन्सीत.

सिंहगड_रविवार
२७व्या वर्षी कसला संधिवात? तो आमच्या वयाचा आजार. म्हणून म्हणतो, पर्वती.

शाकाहारी_कट्टर
बी१२ कुणीच मनावर घेत नाहीये. ११० होतं माझं!

बुलेटवाला
टाकीत नाही, हँडलला येतं. सवय होते.

कर्वेनगरची_ताई (९ दिवसांनी)
सगळ्यांचे आभार. संधिवाततज्ज्ञांची वेळ मिळाली होती, चिरंजीवांनी पुढच्या महिन्यावर ढकलली, कारण ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आहे. धागा मात्र त्याने पूर्ण वाचला, आणि काल घरी गादी आली. ३८ हजार, ईएमआय. आज पहाटे साडेचारला पुन्हा हॉलमध्ये पावलं ऐकली. नवी वेळ मीच घेतलीये आणि त्या दिवशी मीच बरोबर जाणार, रिलीज गेलं खड्ड्यात.

पौड_फाटा
नव्या गादीला महिनाभर तरी द्यावा लागतो.

एकदा_फसलेला
ताई, जुनी गादी काढणार असाल तर सांगा. वारज्यात राहतो, टेम्पो आणतो.