जीबीआयएफ, ई-बर्ड आणि विभागाच्या शीट्स: नान्नजच्या पेपरवर नाव कुणाकुणाचं?

माळरान_सोलापूर:
नान्नज, मार्डी, वडाळा या पट्ट्यातल्या धाविक, पखुर्डी आणि चंडोल या माळरानी पक्ष्यांच्या नोंदींचा पावसाशी संबंध, असा पेपर लिहितोय. डेटा तीन ठिकाणचा आहे.

पहिला, जीबीआयएफ या जगभरच्या जीवनोंदींच्या खुल्या साठ्यावरच्या सोलापूर जिल्ह्याच्या नोंदी. आर या संगणकभाषेतल्या ऑक_सर्च आज्ञेने ओढल्या, मग डुप्लिकेट आणि चुकीचे अक्षांश-रेखांश काढून टाकले. दुसरा, हवामान खात्याचा पाव अंशाचा रोजचा ग्रिड पाऊस (नकाशाचे पाव-पाव अंशाचे चौकोन पाडून दर चौकोनाचा दिलेला). तिसरा, विभागाच्या शेअर्ड ड्राइव्हवरच्या ट्रान्सेक्टच्या (ठरलेल्या रेषेवर चालत केलेल्या मोजणीच्या) शीट्स: दोन हिवाळे, चार एमएस्सी विद्यार्थ्यांनी केलेली मोजणी. ते चौघे पास होऊन गेलेत.

गाईडचं म्हणणं, सगळ्यांना आभारात घ्या. विभागातल्या दुसऱ्या मॅडम म्हणतात, चौघांनाही लेखक करा. जीबीआयएफच्या फाइलीत निरीक्षकाच्या रकान्यात कुठे नावं आहेत, कुठे नुसते कोड. त्यांचं काय करायचं?

नोंदवही:
आधी जीबीआयएफचं, कारण तिथे तुमची एक पायरी चुकली आहे आणि ती आत्ताच सुधारता येईल.

ऑक_सर्च डेटा चाळून बघण्यासाठी आहे. एका शोधात एक लाखाच्या वर नोंदी देत नाही आणि मुख्य म्हणजे डीओआय (डेटाला किंवा पेपरला मिळणारा कायमचा ओळख-क्रमांक) तयार करत नाही. पेपरसाठी खातं उघडून ऑक_डाउनलोड वापरा, नाहीतर वेबसाइटवर तेच फिल्टर लावून डाउनलोडची विनंती टाका. थोड्या वेळात फाइल तयार होते आणि त्या डाउनलोडला स्वतःचा डीओआय मिळतो. तुमच्या फाइलीत ज्या ज्या डेटासेटच्या नोंदी आहेत त्या सगळ्यांशी तो जोडलेला असतो. म्हणजे तुम्ही एक संदर्भ दिलात की ई-बर्ड (पक्षीनिरीक्षक आपल्या याद्या टाकतात ती साइट), आयनॅचरलिस्ट (तशीच, पण सगळ्या सजीवांची), एखाद्या संग्रहालयाचा जुना संग्रह, प्रत्येकाच्या खात्यावर तो वापर जमा होतो. निरीक्षकांची नावं एकेक करून लिहायची गरज नाही, लिहून उपयोगही नाही. ई-बर्डच्या नोंदींत जे कोड दिसतात तेही निरीक्षकच आहेत, पण त्यांचं श्रेय डेटासेटमार्फत जातं.

तुम्ही साफसफाई बरीच केली असेल तर आणखी एक पायरी आहे, तिचं नाव 'डिराइव्ह्ड डेटासेट'. साफ केलेली फाइल आधी झेनोडोसारख्या खुल्या डेटा-भांडारात ठेवायची. मग जीबीआयएफवर त्या फाइलीचा पत्ता द्यायचा आणि सोबत दोन रकान्यांची यादी: डेटासेट-की (नोंद कोणत्या डेटासेटची ते सांगणारा कोड) आणि त्या डेटासेटच्या किती नोंदी शेवटी उरल्या. त्यावर वेगळा डीओआय मिळतो. इथे बहुतेकांचं गाडं अडतं, कारण साफसफाई करताना 'नको असलेले रकाने' म्हणून डेटासेट-कीचा रकानाच उडवलेला असतो. तुमच्या फाइलीत तो आहे का ते आज बघा. नसेल तर नव्याने डाउनलोड करून तीच स्क्रिप्ट पुन्हा चालवावी लागेल.

आणि हा डीओआय संदर्भसूचीत घाला. फक्त 'डेटा अव्हेलेबिलिटी'त (डेटा कुठे मिळेल ते सांगणाऱ्या परिच्छेदात) किंवा पुरवणी फाइलीत टाकलात तर संदर्भ मोजणाऱ्या यंत्रणांच्या नजरेतून तो सहज निसटतो. आभारातल्या ओळीची तर गणतीच होत नाही.

एक राहिलं. न वापरलेली डाउनलोड फाइल जीबीआयएफ सहा महिन्यांनी काढून टाकू शकतं. पेपर रखडणार असेल तर आपल्या खात्यात जाऊन मुदत वाढवून घ्या.

संपादन_मेज:
लेखकपदाबद्दल. बहुतेक जर्नलं आयसीएमजेई या वैद्यकीय जर्नल-संपादकांच्या समितीच्या चार अटी किंवा त्यांच्या जवळपासचं काहीतरी मानतात (त्या मूळ वैद्यकीय जर्नलांच्या, पण आता इतरत्रही चालतात): आखणी, डेटा गोळा करणं, विश्लेषण किंवा अर्थ लावणं यांपैकी कशात तरी भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्यात आशयाची दुरुस्ती करणं, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि कामाची जबाबदारी. चारही लागतात.

म्हणून ई-बर्डवर यादी टाकणारा निरीक्षक लेखक होत नाही. त्याला तुमचा पेपर माहीतच नाही, तो मान्यता कशाला देणार? पण तुमच्या चौघांची गोष्ट वेगळी आहे. दोन हिवाळे माळावर चालून मोजणी करणं म्हणजे पहिली अट पूर्ण. उरलेल्या तीन अटी त्यांनी पूर्ण केल्या नाहीत असं म्हणण्याआधी त्यांना संधी दिली होती का, हे विचारा. आयसीएमजेई हे स्पष्ट सांगतं: पहिली अट पूर्ण करणाऱ्याला मसुदा वाचायला, सुधारायला आणि मान्यता द्यायला मिळालंच पाहिजे. अटींचा उपयोग माणसं गाळायला करायचा नाही. 'पास होऊन गेलेत' हे आभारात ढकलण्याचं कारण होऊ शकत नाही. गाईडना हे आदरानेच सांगा, पण सांगा.

तितकंच उलटही खरं. न वाचता, न बोलता चौघांची नावं घातली तर तेही चूक. आणि नुसती देखरेख किंवा निधी आणणं एवढ्यावर कुणी लेखक होत नाही, मग ते विभागप्रमुख का असेनात.

क्रेडिटच्या (कोणत्या लेखकाने काय केलं ते सांगणाऱ्या यादीच्या) १४ भूमिका भरताना एक घोळ नेहमी होतो: मैदानात मोजणी करणाऱ्याला 'डेटा क्युरेशन' देतात. मोजणी 'इन्व्हेस्टिगेशन'मध्ये येते. शीट्स एकत्र करून, नावं तपासून, फाइल लावणाऱ्याचं काम ते क्युरेशन.

माळरान_सोलापूर:
डेटासेट-की खरंच उडवलीय. पुन्हा डाउनलोड लावतो. चौघांपैकी दोघांचा पत्ता लागतोय, दोघांचे जुने ईमेल बंद आहेत. ते दोघे सापडलेच नाहीत तर?

संपादन_मेज:
मान्यतेशिवाय लेखक करता येत नाही. विभागाच्या रजिस्टरमधून फोन काढा, बाकीच्या दोघांना विचारा, वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका. ईमेलमध्ये मोघम लिहू नका. मसुदा जोडा, कोणती आकृती त्यांच्या शीट्सवर उभी आहे ते सांगा, आणि 'अमुक तारखेपर्यंत वाचून दुरुस्त्या कळवा. लेखक म्हणून यायचं की आभारात ते लेखी कळवा' असं विचारा. आभारातल्या नावालाही लेखी होकार घेणं चांगलं. हे सगळं सबमिशनच्या आधी व्हायला हवं. नंतर नाव घालायचं किंवा काढायचं तर जर्नल सगळ्या लेखकांच्या सह्या मागतं. भांडण झालं तर जर्नल निवाडा करत नाही, संस्थेकडे पाठवतं.

झोळी_आणि_दुर्बीण:
न सापडलेल्या दोघांसाठी वाट आहे. पेपरच्या आधी शीट्सचाच स्वतंत्र डेटासेट करा. विभागाची लेखी परवानगी घ्या, झेनोडोवर ठेवा आणि 'क्रिएटर' म्हणून चौघांची नावं द्या. ज्यांचे ऑर्किड (संशोधकाची कायमची ओळख) आहेत त्यांचा १६ अंकी क्रमांकही टाका, म्हणजे आडनाव बदललं तरी श्रेय मागे राहत नाही. मग पेपरच्या संदर्भसूचीत हा डेटासेट इतर संदर्भांसारखाच द्या.

झेनोडो दोन डीओआय देतं: एक सगळ्या आवृत्त्यांचा, एक त्या आवृत्तीचा. पेपरात त्या आवृत्तीचा द्या. प्रसिद्ध केल्यावर फाइल बदलायची तर सहसा नवी आवृत्ती करावी लागते, म्हणून आधी डीओआय राखून ठेवा, मसुद्यात घाला आणि सगळं तपासून मगच प्रसिद्ध करा.

शीट्स एक्सेलमधून काढताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडा. साधं सीएसव्ही निवडलंत तर 'पखुर्डी'च्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतील. तारखा २०२३-०१-०७ अशा लिहा. ०७/०१ म्हणजे जानेवारी की जुलै, हे परक्या माणसाला कळत नाही. घरट्यांच्या नेमक्या जागा मात्र उघड करू नका, अक्षांश-रेखांश एका दशांशावर आणून ठेवा.

नोंदवही:
पावसाचं राहिलं होतं. त्या पाव अंशाच्या ग्रिडसाठी पै आणि सहकाऱ्यांचा 'मौसम'मधला २०१४ चा पेपर द्यायचा (खंड ६५), आणि फाइल कोणत्या तारखेला उतरवली तेही लिहायचं. आपल्याकडे एक चौकोन साधारण २७ किलोमीटरचा पडतो. नान्नज आणि मार्डी एक-दोन चौकोनांतच बसतील, तेव्हा गावनिहाय पाऊस म्हणून मांडू नका.

ई-बर्डचा मूळ बेसिक डेटासेट पुढे कधी घेतलात तर त्याच्या अटी वेगळ्या आहेत. त्यात यादीला किती वेळ लागला, किती अंतर चालले हे मिळतं, पण तो कच्चा डेटा झेनोडोवर पुन्हा टाकता येत नाही. तिथे आवृत्तीचं नाव महिना-वर्षासह लिहायचं आणि फक्त स्क्रिप्ट ठेवायची. जीबीआयएफच्या फाइलीतही प्रत्येक नोंदीचा परवाना बघा. अव्यावसायिक वापराच्या नोंदी मिसळल्या असतील तर तुमच्या साफ केलेल्या फाइलीलाही तीच अट लागते. सीसी-झिरोच्या (सगळे हक्क सोडून दिलेल्या) नोंदींना कायद्याने श्रेय देणं बंधनकारक नाही, तरी डीओआय द्यायचाच.

माळरान_सोलापूर:
डाउनलोडचा डीओआय आला, डेटासेट-कीचा रकाना ठेवून स्क्रिप्ट परत चालवतोय. दोघांना मसुदा पाठवला, त्यांच्याकडूनच तिसऱ्याचा नंबर मिळाला. शीट्सच्या परवानगीचं पत्र सोमवारी विभागात देतो.