मदत हवी आहे: झोपेतून उठल्यावर स्ट्रोक, डीडब्ल्यूआयवर डाग, फ्लेअरवर पुसट खूण. काय धरायचं?

रातपाळी

अपघात विभागात वारंवार अडणारी गोष्ट आहे, म्हणून नमुन्यादाखल एक चित्र मांडतो. पेशंट रात्री अकराला ठणठणीत झोपला. सकाळी सहाला उठला तर उजवा हात उचलत नाही, बोलताना शब्द सापडत नाहीत. साखर तपासली, ठीक आहे. सीटीत रक्तस्राव नाही. शेवटचा बरा दिसला ती वेळ अकराची, म्हणजे हिशेबाने सात तास झाले आणि गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची साडेचार तासांची मुदत टळली. पण झटका पहाटे साडेपाचलाही आला असू शकतो.

इथे एमआरआयवरचा डीडब्ल्यूआय-फ्लेअर मिसमॅच (एमआरआयच्या या दोन प्रकारच्या प्रतिमांमधली तफावत) कामाला येतो, इथवर माहीत आहे. डीडब्ल्यूआयवर डाग ठळक आणि फ्लेअरवर त्या जागी काही नाही, तर डाग ताजा. पण फ्लेअरवर ‘आहे’ही म्हणवत नाही आणि ‘नाही’ही म्हणवत नाही, असं पुसट काही दिसलं तर गुठळी विरघळवणारं औषध द्यावं का? शिवाय कमीत कमी वेळात कोणते सीक्वेन्स (एमआरआय प्रतिमांचे प्रकार), कोणत्या क्रमाने घ्यावेत? आणि डीडब्ल्यूआय पूर्ण कोरा आला तर ‘स्ट्रोक नाही’ असं लिहावं का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

कवडसा

पुसट खुणेचं आधी घेतो, खरी गल्लत तिथेच होते.

रक्तपुरवठा तुटला की काही मिनिटांत पेशींचे सोडियम-पोटॅशियम पंप बंद पडतात, बाहेरचं पाणी आत शिरतं, पेशी फुगतात आणि पाण्याच्या रेणूंना हलायला जागा उरत नाही. ही अडलेली हालचाल डीडब्ल्यूआयवर उजळ आणि एडीसी नकाशावर (पाणी किती हलतं ते मोजणाऱ्या प्रतिमेवर) काळी दिसते. त्या भागातलं एकूण पाणी मात्र तेव्हा फारसं वाढलेलं नसतं. ते नंतर रक्तवाहिन्यांतून झिरपत येतं, म्हणून फ्लेअर उजळायला काही तास जातात. मधल्या अंतराचा आपण घड्याळासारखा उपयोग करतो.

घड्याळ ढोबळ आहे, हे विसरू नका. २०११ सालच्या प्री-फ्लेअर अभ्यासात ५४३ पेशंट होते. साडेचार तासांच्या आतला झटका मिसमॅचवरून ओळखण्याची संवेदनशीलता (वेळेतले किती पकडले) ६२ टक्के आणि विशिष्टता (वेळेबाहेरचे किती बरोबर वगळले) ७८ टक्के निघाली. म्हणजे वेळेत आलेल्यांपैकीही बऱ्याच जणांचा फ्लेअर आधीच उजळलेला असतो.

आता वाचायचं कसं? फ्लेअरची विंडो (पडद्यावरचा उजळ-काळ्याचा पट्टा) फार अरुंद करू नका, तशी केली की धडधाकट कॉर्टेक्सही (मेंदूचा बाहेरचा थर) उजळ भासतो. डीडब्ल्यूआयवर डाग जिथे आहे तीच जागा फ्लेअरवर पकडा आणि दुसऱ्या अर्धगोलातल्या तिच्या जोडीदार जागेशी ताडून बघा. शंका उरली तर दोन्हीकडे सारख्या मापाचं वर्तुळ टाकून सिग्नलचं गुणोत्तर काढा. एमआर विटनेस चाचणीत १.१५ ही सीमा धरली होती. वर्तुळ टाकताना जुना पांढरा डाग किंवा मेंदूबाहेरचं पाणी त्यात येऊ देऊ नका, नाहीतर आकडा वाटेल तो येईल.

वेक-अप चाचणीत (झटक्याची वेळ माहीत नसलेल्यांत हे औषध तपासणारी) फ्लेअरवर ठसठशीत उजळपणा असेल तरच पेशंटला बाहेर ठेवलं होतं. त्यामुळे डोळे बारीक करून, विंडो ओढून ओढून जे जेमतेम दिसतं, त्याच्या जोरावर मी तरी औषध अडवणार नाही. एका नजरेत दिसलं, तर मात्र मिसमॅच नाही.

फसवणाऱ्या तीन गोष्टी. वयस्कर पेशंटमध्ये पांढऱ्या भागातला जुना बदल नव्या डागाखाली आधीपासून असतो; दुसरी बाजू बघितली की बहुधा उलगडा होतो. सल्कसमधल्या (मेंदूच्या पृष्ठभागावरच्या खाचांमधल्या) उजळ रेघा म्हणजे संथ वाहणारं रक्त, मेंदूच्या ऊतीतला उजळपणा नव्हे; उलट त्या मोठी रक्तनळी बंद असल्याकडे बोट दाखवतात. आणि पेशंटला जास्त ऑक्सिजन चालू असेल तर सल्कसमधलं पाणीच फ्लेअरवर उजळतं, त्याला रक्तस्राव समजू नका.

एडीसी न बघता डीडब्ल्यूआयवर कधीच मत देऊ नका. आठदहा दिवसांचा जुना डागही टी-टूच्या (ऊतीतल्या जादा पाण्यामुळे येणाऱ्या उजळपणाच्या) जोरावर डीडब्ल्यूआयवर चमकतो, पण एडीसीवर काळा राहत नाही. ताजा रक्तगोळाही डीडब्ल्यूआयवर उजळ दिसू शकतो. बी-शून्य प्रतिमेत (डीडब्ल्यूआयसोबतच येणाऱ्या, पाण्याची हालचाल न मोजणाऱ्या प्रतिमेत) त्याच्या कडेला काळी किनार आहे का ते बघा.

क्षेत्ररेषा

तंत्रज्ञाच्या बाजूने क्रम सांगतो. डीडब्ल्यूआय (बी ० आणि बी १०००, एडीसी सोबतच), मग फ्लेअर, मग एसडब्ल्यूआय किंवा ग्रेडियंट इको (रक्त काळं दाखवणारे सीक्वेन्स), शेवटी मेंदूतल्या नळ्यांचा टीओएफ एमआरए. डीडब्ल्यूआय पहिला, कारण तो साधारण मिनिटभरात होतो आणि पेशंट पुढे हलायला लागला तरी सर्वांत मोलाची प्रतिमा हातात असते. बेतशीर जुळवलेला हा संच दहा मिनिटांच्या आत बसतो.

वेळ खरा जातो टेबलावर चढवण्याआधी. वाचा गेलेला पेशंट सुरक्षेच्या फॉर्मवर ‘नाही’ म्हणत मान हलवतो, पण प्रश्न त्याला कळलेलाच नसतो. ते उत्तर धरू नका. नातेवाइकांना विचारा, कॉलरबोनच्या खाली पेसमेकरचा उंचवटा हाताने चाचपा, टाळूवर आणि कानामागे शस्त्रक्रियेचे व्रण बघा, आणि हातात असलेल्या सीटीत क्लिप किंवा डोळ्याच्या खोबणीत धातू आहे का ते तपासा. कपडे बदलताना औषधी पट्ट्या, ईसीजीची चिकटपदकं, काढता येणारे दात, केसातल्या पिना काढा. साधा लोखंडी ऑक्सिजन सिलिंडर आणि इन्फ्यूजन पंप दाराबाहेर. चुंबक कायम चालू असतं, स्कॅन सुरू नसला तरी.

डोक्याच्या दोन्ही बाजूंना पॅड घट्ट बसवा. उलटीची भावना असेल तर आडवं करण्याआधी औषध द्या आणि सक्शन हाताशी ठेवा. डोकं हललं आणि फ्लेअर पट्ट्यापट्ट्यांचा आला तर त्यावर मिसमॅच ठरवू नका, फक्त तो एकच सीक्वेन्स लगेच परत घ्या.

एक जागा जपून बघा: कानाच्या हाडाजवळ आणि सायनसच्या वर डीडब्ल्यूआयची प्रतिमा ओढली जाते आणि खोटा उजळपणा येतो. ३ टेस्लाच्या चुंबकावर हे १.५ टेस्लापेक्षा जास्त.

मध्यरेषा

औषधाचा निर्णय. वेक-अप चाचणी २०१८ साली प्रसिद्ध झाली, ५०३ पेशंट. नव्वदाव्या दिवशी चांगली स्थिती अल्टिप्लेस (गुठळी विरघळवणारं औषध) गटात ५३.३ टक्के आणि प्लासिबो गटात ४१.८ टक्के. लक्षणं वाढवणारा मेंदूतला रक्तस्राव २ टक्के विरुद्ध ०.४ टक्के. फायदा खरा आहे, पण धोकाही खरा आहे, नातेवाइकांना दोन्ही सांगा. या आकड्यांचा आधार घ्यायचा तर चाचणीच्या अटीही पाळायला हव्यात: लक्षणं लक्षात आल्यापासून साडेचार तासांत औषध सुरू, एनआयएचएसएस (लक्षणांच्या तीव्रतेचे गुण) २५ किंवा कमी, डाग मिडल सेरेब्रल धमनीच्या प्रदेशाच्या एक तृतीयांशापेक्षा मोठा नाही. तुमच्या उदाहरणात सहाला जाग आली, म्हणजे साडेदहाच्या आत.

एसडब्ल्यूआय या निर्णयासाठीच लागतो. आधी ताजा रक्तगोळा नाही ना ते बघा, मग मायक्रोब्लीड (जुन्या सूक्ष्म रक्तस्रावांचे ठिपके) मोजा. दहापेक्षा जास्त असतील तर औषधानंतरच्या रक्तस्रावाचा धोका वाढतो, तिथे हात आखडता घ्यावा लागतो. त्याच प्रतिमेत एखाद्या नळीत जाड काळा ठिपका दिसला तर ती गुठळी असते.

एमआरएवर मोठी नळी बंद दिसली की थ्रॉम्बेक्टमीच्या (नळीतून गुठळी ओढून काढणाऱ्या) टीमला फोन त्याच मिनिटाला, फ्लेअरवरचा वाद मिटेपर्यंत थांबायचं नाही. तिथला हिशेब वेगळा आहे. डिफ्यूज ३ या थ्रॉम्बेक्टमीच्या चाचणीत ६ ते १६ तासांचे पेशंट होते, मेलेला गाभा ७० मिलीपेक्षा कमी, धोक्यातल्या आणि मेलेल्या भागाचं गुणोत्तर किमान १.८ आणि फरक किमान १५ मिली. फ्लेअर तिथे कसोटीत नाही.

रातपाळी

फार उपयोगी, तिघांचेही आभार. कोऱ्या डीडब्ल्यूआयचं राहिलं. विशेषतः अखंड भोवळ आणि उलट्या घेऊन आलेल्यांचं.

कवडसा

‘स्ट्रोक नाही’ असं लिहू नका. इस्केमिक (रक्तपुरवठा तुटून होणाऱ्या) स्ट्रोकच्या सुमारे ७ टक्के पेशंटमध्ये सुरुवातीचा डीडब्ल्यूआय कोरा येतो आणि मेंदूच्या मागच्या रक्तपुरवठ्यात हे बरंच जास्त घडतं. ब्रेनस्टेममधला डाग दोन-तीन मि.मी.चा असतो आणि ५ मि.मी.च्या स्लाइसमध्ये तो विरून जातो. मागच्या भागाचा संशय असेल तर ३ मि.मी.चा पातळ डीडब्ल्यूआय घ्या, जमल्यास कोरोनलमध्येही, आणि लक्षणं टिकली तर एक-दोन दिवसांनी परत.

मध्यरेषा

भोवळ तपासताना चालू असेल आणि डोळे फडफडत असतील तर हिंट्स तपासणी (डोळ्यांच्या हालचालींची तीन टप्प्यांची) स्कॅनपेक्षा आधी करा. डोकं झटक्यात वळवल्यावरही नजर लक्ष्यावर स्थिर राहिली, म्हणजे चाचणी वरवर ‘नॉर्मल’ आली, तर तेच चिंतेचं लक्षण, कारण कानातला बिघाड असता तर नजर घसरली असती. फडफडीची दिशा नजरेबरोबर बदलणं किंवा एक डोळा दुसऱ्याच्या वर किंवा खाली सरकलेला असणं यांपैकी काहीही दिसलं तरी कोऱ्या डीडब्ल्यूआयवर पेशंटला घरी सोडू नका.

आणि एक, वजन स्कॅनच्या आधीच घ्या. अल्टिप्लेस किलोमागे ०.९ मि.ग्रॅ., कमाल ९० मि.ग्रॅ.; दहावा हिस्सा मिनिटभरात, उरलेलं तासाभरात. रक्तदाब १८५/११० च्या खाली आणायचं कामही पेशंट एमआरआयच्या दारात असतानाच सुरू करा. मिसमॅच पक्का झाल्यावर वजनकाटा शोधत बसलं तर वाचवलेली दहा मिनिटं तिथेच जातात.