मदत हवी आहे: टाकाऊ तेलाचं डिझेल घातल्यापासून पिकअप घाट चढत नाही

साखळी_भाजीवाला
नमस्कार. बेळगावहून भाजी आणतो. पहाटे तीनला निघतो, आठच्या आत माल बाजारात लागतो. पंधरा दिवसांपूर्वी ओळखीच्या एकाकडून टाकाऊ तेलापासून बनवलेलं रिन्युएबल डिझेल घेतलं, पंपापेक्षा स्वस्त. परदेशात ट्रक यावरच चालतात, इंजिनात काही बदलावं लागत नाही, असं तो म्हणाला. आता रिकामी गाडीसुद्धा केरीच्या पुढे, घाट लागला की दम टाकते. मेकॅनिक इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारतात ते) काढू म्हणतोय. काढू द्यावे का? लवकर सांगा, पहाटे निघायचं आहे.

फोंडेकर७२
कुठली साल? धुराच्या नियमांप्रमाणे बीएस-४ की बीएस-६? किती लिटर घातलं? निव्वळ की पंपाच्या डिझेलमध्ये मिसळून? फिल्टर उघडून पाहिला का? यातलं काहीच लिहिलेलं नाही, सांगणार काय?

रानातला_वाटाड्या
डिझेलचा नाद सोडा. माझ्या मेव्हण्याने सीएनजीची गाडी घेतली, खर्च बराच उतरला.

साखळी_भाजीवाला
गाडीचे हप्ते चालू आहेत हो, विकू कशी? २०१८ ची, बीएस-४. टाकीत अर्धं पंपाचं होतं, वर ते घातलं. दोनदा वीस-वीस लिटर.

रसायन_शिकवते
दादा, आधी एक सांगा. ते दिसतं कसं? खरं रिन्युएबल डिझेल पाण्यासारखं स्वच्छ असतं, वास जवळजवळ नसतोच. ते करायला वापरलेलं तेल किंवा चरबी तीनशे अंशांच्या आसपास, मोठ्या दाबाखाली हायड्रोजनबरोबर तापवावी लागते. तेलातला ऑक्सिजन निघून जातो आणि उरतं ते साध्या डिझेलसारखंच इंधन, म्हणून ते निव्वळ घातलं तरी चालतं. नेस्टे कंपनी सिंगापूरला ते करते, कॅलिफोर्नियात पंपावर मिळतं. पण त्याला रिफायनरी लागते, शेडमध्ये होत नाही.

शेडमध्ये होतं ते बायोडिझेल. तेल, मेथॅनॉल आणि कॉस्टिक सोडा. तुमच्या माणसाने परदेशातल्या एका इंधनाचे गुण दुसऱ्यालाच लावलेत.

जुनं_इंजिन
एवढं घाबरवू नका. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. माझ्या कुळागरातला पंप गाळलेल्या खोबरेल तेलावर चालतो. फडक्यातून दोनदा गाळायचं, बस्स.

रसायन_शिकवते
काका, तुमचा पंप जुन्या पद्धतीचा, एका वेगाने चालणारा. यांच्या गाडीत कॉमन रेल आहे, म्हणजे डिझेल फार मोठ्या दाबाने इंजेक्टरच्या बारीक भोकांतून फवारलं जातं. कच्चं तेल डिझेलपेक्षा दहापट तरी घट्ट असतं, इतक्या बारीक भोकातून त्याचा नीट फवारा होत नाही. तुमचा अनुभव खरा आहे, पण यांना तो सल्ला देऊ नका.

जुनं_इंजिन
ठीक. पण गरम करून घातलं तर पातळ होतं, हे तरी मान्य करा.

रसायन_शिकवते
होतं, मान्य. पण यांच्या गाडीत ती सोय नाही.

शॅक_कळंगुट
विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. आम्ही तळलेलं तेल गोळा करणाऱ्याला देतो. तेल पुन्हापुन्हा तापवून त्यात तयार होणारे खराब घटक, म्हणजे पोलर कंपाउंड, २५ टक्क्यांवर गेले की ते तेल पुन्हा वापरायचं नाही, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे, आणि अशा तेलाचं बायोडिझेल व्हावं म्हणून २०१८ पासून वापरलेलं तेल गोळा करायची रुको योजना आहे. पण स्वस्त मिळतं म्हणून तेच तेल परत गाड्यांवर भजी तळायला जातं, ते जास्त टोचतं.

सुगरण_डिचोली
त्या तेलाचा कपडे धुण्याचा साबण छान होतो. कृती हवी असेल तर लिहिते.

साखळी_भाजीवाला
साबण राहू दे ताई, घाट चढायचा आहे. आत्ता फिल्टर काढला. कागदाच्या घड्यांत तपकिरी चिखल बसलाय, बोटाला चिकट लागतो, वास थेट कढईचा. डब्यातलं पिवळट आहे, तळाशी दुधासारखा थर. पावती दिलेली नाही.

फोंडेकर७२
मग इंजेक्टरला हात लावायच्या आधी एवढं करा. टाकी पूर्ण रिकामी करा, पंपाच्या डिझेलने धुवा, नवा फिल्टर घाला, लाइनमधली हवा काढा. बायोडिझेल टाकीतला जुना गाळ सोडवतं आणि तो फिल्टरमध्ये येऊन बसतो. चांगल्या मालानेही पहिल्या खेपेला असं होतं. शंभरेक किलोमीटरने फिल्टर पुन्हा बदला. रबरी नळ्या फुगल्यात का, तेही बघा. यानंतरही ओढली नाही, तरच इंजेक्टर तपासायला द्या, तेही टेस्ट बेंचवर, म्हणजे तपासणीच्या यंत्रावर.

रसायन_शिकवते
तो दुधाळ थर म्हणजे पाणी आणि साबण, माल नीट धुतलेला नाही. डब्यातलं थोडं बाटलीत आणा, आमच्या प्रयोगशाळेत बघू. ३ मिली नमुना २७ मिली मेथॅनॉलमध्ये टाकला की बायोडिझेल विरघळतं, न बदललेलं तेल तळाशी बसतं. मेथॅनॉल विषारी असतं, घरी करू नका.

साखळी_भाजीवाला
चार दिवसांनी लिहितोय. त्या पहाटे गाडी काढलीच नाही, शेजाऱ्याच्या टेम्पोत माल आणला. टाकी धुतली, फिल्टर बदलला. काल रिकामी गाडी केरीपासून तिसऱ्या गिअरवर वळणं घेत वर गेली, आज माल भरून परत आली. इंजेक्टर काढले नाहीत. मॅडमकडे नमुन्याच्या तळाशी तेलाचा थेंब स्पष्ट दिसला. विकणारा फोन उचलत नाही.

देव बरें करूं सगळ्यांना. डब्यात अजून अठरा लिटर आहे. नाल्यात ओतणार नाही. कळंगुटचे भाऊ, तुमच्याकडे तेल गोळा करायला येतो तो हे घेईल का?

शॅक_कळंगुट
शुक्रवारी येतो तो. विचारून सांगतो. तोवर झाकण घट्ट लावून सावलीत ठेवा, पावसाची हवा आहे.