मदत हवी आहे: व्हिस्कीचं बूच तुटलं, चव उतरली. बाटली वाचेल का?

म्हापशेकर
शनिवारच्या आत उत्तर हवं आहे, दोन मित्र येणार आहेत. पीटेड (पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीच्या, धुराचा वास असलेली) सिंगल माल्ट, उघडून दहा आठवडे झाले. काल बूच मधोमध तुटलं, अर्धं मानेत अडकलंय आणि चुरा आत पडलाय. धुराचा वास जवळजवळ गेला. बर्फ घातला की गढूळ होते. मी फक्त शनिवारी एक छोटा पेग घेतो, त्यामुळे बाटली चार-पाच महिने पुरते. ही भेसळीची आहे का? नसेल तर काय करू? शोधलं की सगळीकडे वाइनचीच माहिती येते.

सासष्टीकर
किती टक्क्यांची आहे? किती उरलीय? ठेवली कुठे होती, उभी की आडवी?

काजूबोंडू
एवढा खटाटोप कशाला? फेणी घ्या. काजूच्या फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालंय, 42.8 टक्क्यांची असते आणि काचेच्या बाटलीत वर्षानुवर्षं टिकते. हुर्राक (फेणीच्या आधीची पहिली धार) मात्र 15 टक्क्यांच्या आसपास, ती हंगामातच संपवायची. लिंबू, मीठ आणि मधोमध चिरलेली हिरवी मिरची घालून.

तिसवाडी
काजूबोंडू, फेणीचा धागा वेगळा काढा, तिथे मीही येते. इथे त्यांची बाटली उघडी पडलीय.
म्हापशेकरबाब, तोवर बाटलीच्या तोंडावर स्वच्छ प्लास्टिकचा तुकडा ताणून रबर लावा. अडकलेलं बूच आत ढकलू नका.

म्हापशेकर
46 टक्के. लेबलवर नॉन-चिल फिल्टर्ड लिहिलंय. तिसरा हिस्सा उरली असेल. फ्रीजवर आडवी ठेवली होती, वाइन ठेवतात तशी. पण गढूळपणाचं कोणी बोलत नाही.

सासष्टीकर
मग सगळं त्यातच आलं.

भेसळ नाही. धान्यातून आणि पिपातून आलेले मेदाम्लांचे एस्टर (तेलकट घटक) व्हिस्कीत असतात. कारखान्यात थंड करून गाळलं की ते निघून जातात. तुमच्या बाटलीत ते मुद्दाम ठेवलेत. 46 टक्क्यांना ते विरघळलेले असतात, पाणी-बर्फाने टक्के आणि तापमान खाली गेलं की धुकं धरतं. खात्री हवी तर तोच ग्लास वीस मिनिटं बाहेर ठेवा. बर्फ वितळून ग्लास कोमट झाला की धुकं विरळ होतं. तपकिरी कण तळाला बसले तर तो बुचाचा चुरा. तो अपायकारक नाही, फक्त चवीला तुरट लागतो.

बूच तुटलं ते आडव्या बाटलीमुळे. वाइनमध्ये 12-14 टक्के अल्कोहोल असतं, तिथे ओलं बूच फुगून घट्ट राहतं. 46 टक्क्यांचं द्रव तेच बूच खाऊन ठिसूळ करतं. व्हिस्की उभीच ठेवायची.

आणि फ्रीजवर तर नाहीच. मोटर चालू झाली की वरचा भाग तापतो, बंद झाली की निवतो. बाटलीतली हवा दर वेळी फुगते, आकसते, आणि बुचाच्या फटीतून वास बाहेर जातो, ताजी हवा आत येते. तिसरा हिस्सा द्रव म्हणजे दोन हिस्से हवा, त्यात धूर सगळ्यांत आधी मरतो.

निळीशाई
महिन्यातून एकदा बाटली दहा सेकंद उलटी करून बूच ओलं करावं. नाहीतर सुकून तुटतं.

सासष्टीकर
ते कोरड्या हवेत ठीक. गोव्यात पावसाळ्यात बुचाच्या डोक्यावर बुरशी धरते, सुकण्याची कसली भीती? सील उघडलेल्या बाटलीचं बूच तर दर आठवड्याला हलतंच.

निळीशाई
पावसाळा चार महिने. एसी खोलीत ठेवणाऱ्यांचं काय? न उघडलेली बाटली वर्षभर पडून असेल तर उलटी करावीच लागते. माझं म्हणणं मी सोडणार नाही.

कुळागर
न उघडलेल्या बाटलीपुरतं निळीशाईंचं बरोबर आहे. आता काम सांगतो.

अडकलेल्या बुचात बूचकाढणीचा स्क्रू तिरका घाला, सरळ घातलात तर पोखरलेल्या भागातून तो नुसता फिरतो. दीड-दोन फेरे आत गेला की मानेच्या काचेला टेकवून हळूहळू वर ओढा. नाहीच आलं, तरच आत ढकला.

मग काचेचं किंवा स्टीलचं नरसाळं आणि कॉफीचा कागदी फिल्टर घ्या. कागद आधी उकळत्या पाण्याने भिजवून ते पाणी फेकून द्या, नाहीतर कागदाचा वास उतरतो. चहाची गाळणी चालणार नाही, बारीक चुरा तिच्यातून सुटतो आणि हळदीचा, वेलचीचा वासही लागतो.

भरायला काचेच्या छोट्या बाटल्या हव्यात. 180 मिलीची व्हिस्कीची रिकामी चपटी उत्तम. रमची घेऊ नका, तिचा वास धुतला तरी झाकणात राहतो. कफ सिरपची तर नकोच. गरम पाण्याने तीनदा विसळा, साबण टाळा, पूर्ण दिवस उपडी ठेवून सुकवा. गळ्यापर्यंत भरा, वर बोटभरसुद्धा हवा नको. झाकणाच्या आट्यांवर प्लंबरची पांढरी टेफ्लॉन टेप दोन वेढे. मग आतल्या भिंतीच्या कपाटात, खालच्या कप्प्यात ठेवा. जुन्या घराची चिऱ्याची भिंत चांगली. फ्लॅटमध्ये पश्चिमेची भिंत टाळा, ती संध्याकाळी भाजते.

गेलेला धूर परत येत नाही. उरलेला टिकेल.

काजूबोंडू
जळकं लाकूड टाकलं तर धूर येतो म्हणतात.

कुळागर
कृपया टाकू नका. पीटचा धूर हा मोड आलेलं सातू सुकवताना दाण्यात शिरतो. बाटलीत कोळसा टाकलात तर राखेची चव येईल आणि उरलेला वासही कोळसा शोषून घेईल. चव उतरलेली व्हिस्की सोड्यात घ्या, 30 मिलीला 90 मिली थंड सोडा. फसफशीबरोबर उरलासुरला वास नाकाशी येतो.

सासष्टीकर
पुढच्या वेळी काय घ्यावं ते सांगून ठेवतो. आपल्या कुंकळ्ळीत पॉल जॉन तयार होते. ब्रिलियन्स बिनधुराची, एडिटेडला हलका धूर, बोल्ड पूर्ण पीटेड, तिन्ही 46 टक्के. बेंगळुरूची अमृत फ्यूजन 50 टक्के, भारतीय आणि स्कॉटिश पीटेड सातू एकत्र. इथल्या उकाड्यात पिपातून वर्षाला सुमारे 8 टक्के उडून जाते, स्कॉटलंडमध्ये 2 टक्क्यांच्या आसपास. म्हणून आपली माल्ट कमी वर्षांत पिकते.

तिसवाडी
हे कोणी विचारलं नव्हतं, सासष्टीकर. मला मात्र एक विचारायचंय.
म्हापशेकरबाब, 750 ची बाटली ना? दहा शनिवार, दर वेळी 30 मिली, म्हणजे 300 गेली, 450 उरायला हवी. तुमच्याकडे तिसरा हिस्सा, म्हणजे 250 आहे. मधले 200 मिली कुठे गेले? दुसरं कोणी घेतं का?

म्हापशेकर
घरात दुसरं कोणी घेत नाही. उडून गेली असेल, बूच खराब होतं ना.

तिसवाडी
दहा आठवड्यांत बुचाच्या फटीतून 200 मिली उडत नाही. पेग कशाने मोजता?

म्हापशेकर
ग्लासात एक बोट. सगळे तसंच घेतात.

तिसवाडी
ग्लासाचा आतला व्यास मोजा.

म्हापशेकर
6 सेंमी. पण हा धागा बुचाचा आहे.

तिसवाडी
माहीत आहे, तरी हे ऐकाच. बोटाची रुंदी साधारण पावणेदोन सेंमी. 6 सेंमी व्यासाच्या ग्लासात तेवढी उंची म्हणजे 49-50 मिली. दहा शनिवार, 500 मिली. हिशोब मिलीला जुळला. साडेसात सेंमीच्या रुंद ग्लासात तर एकच बोट 77 मिली होतं.

46 टक्क्यांच्या 30 मिलीत 11 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, 50 मिलीत 18. आठवड्यातून एकदाच घेता हे चांगलंच आहे. ब्रिटनच्या डॉक्टरांची 2016 पासूनची मर्यादा आठवड्याला 14 युनिट, म्हणजे सुमारे 110 ग्रॅम. तुम्ही त्याच्या खूप आत आहात. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये कुठलंच प्रमाण पूर्ण सुरक्षित नसल्याचं म्हटलंय, हेही लक्षात असू द्या. माझी काळजी शनिवारच्या मित्रांची आहे. भारतात गाडी चालवण्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोल. 70 किलोच्या पुरुषाने रिकाम्या पोटी खरा 30 मिलीचा पेग घेतला तर अंदाजे 23 पर्यंत जातं. तुमचा बोटभर पेग घेतला तर 38. दोघांनाही वाटणार की एकच छोटा घेतलाय.

निळीशाई
म्हणजे 23 असेल तर स्कूटर चालवायची?

तिसवाडी
नाही. वजन, पोट, झोप, गोळ्या, सगळ्याने आकडा हलतो. यकृत तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅमच उरकतं, आंघोळ-कॉफीने त्याचा वेग वाढत नाही. घेतली तर चावी देऊन टाकायची. कोणी मधुमेहाची ग्लिमेपिराईड किंवा इन्सुलिन घेत असेल तर रिकाम्या पोटी अजिबात नको, साखर एकदम उतरते. मेट्रोनिडॅझोलचा (एक जंतुनाशक गोळी) कोर्स चालू असेल तर थेंबही नको.

कुळागर
मापाला औषधाच्या बाटलीचं 10 मिलीचं टोपण घ्या. तीनदा पाणी भरून ग्लासात ओता आणि पाण्याच्या रेषेवर बाहेरून नेलपॉलिशची बारीक खूण करा. एकदा केलं की झालं.

म्हापशेकर
तिरका स्क्रू घातला, बूच तीन तुकड्यांत पण बाहेर आलं. गाळून मोजली तर 246 मिली भरली. चपटी गळ्यापर्यंत भरून कपाटात ठेवली, राहिलेली 60 एका मिनिएचरमध्ये (अगदी छोट्या बाटलीत). ती शनिवारी सोड्यातून जाईल, दोघांना मिळून. 30 ची खूण केली ग्लासावर. बोटाच्या बरीच खाली आली, एक सेंमीच्या थोडी वर.
दोघे बसने येणार आहेत.

काजूबोंडू
शेवटची बस किती वाजता सुटते ते आधी बघून ठेवा.