टेराफॉर्मिंग मार्स : चौघांचा डाव पाच तास चालतो, पहिलं एक्सपान्शन कोणतं घ्यावं?

पर्वतीपायथा

मंगळ राहण्याजोगा करायच्या 'टेराफॉर्मिंग मार्स' या बोर्डगेमचा आमच्या चौघांचा रविवारचा डाव दुपारी दोनला सुरू होतो आणि सातच्या आत काही उठत नाही. मूळ पेटी, त्यातले कॉर्पोरेट इराचे (अनुभवी खेळाडूंसाठीचे जादा) पत्ते धरून, शिवाय ड्राफ्ट (एकेक पत्ता ठेवून बाकीचे शेजाऱ्याकडे सरकवायचे). बारा-तेरा जनरेशन (म्हणजे फेऱ्या) सहज होतात. आता एक्सपान्शन (मूळ खेळात भर घालणारी पेटी) घ्यायचा विचार आहे, पण प्रिल्यूड, व्हीनस नेक्स्ट, कॉलनीज आणि टर्मॉइल यांतलं आत्ता एकच घेणार. डाव चार तासांच्या आत आला पाहिजे ही पहिली अट. दुसरी अडचण अशी की चौघांतल्या एकाच्या जागी पुढच्या महिन्यापासून एक नवा खेळाडू येतोय, त्याला पहिल्याच डावात गुदमरायला नको. काय घ्यावं, आणि का, हे आकड्यांसकट सांगितलंत तर बरं होईल.

तांबडा_ग्रह

प्रिल्यूड. पण त्याआधी डाव लांबतो कशाने ते बघा, नाहीतर एक्सपान्शन घेऊनही सातच वाजतील.

तापमान -३० पासून +८ पर्यंत दोन-दोन अंशांनी चढतं, म्हणजे १९ पायऱ्या. ऑक्सिजनच्या १४ आणि समुद्र ९. एकूण ४२. या भरल्याशिवाय डाव संपत नाही. चौघांपैकी प्रत्येकाने दर जनरेशनला सरासरी एक पायरी चढवली तरी अकरावी जनरेशन लागते. तुमचा डाव तेरापर्यंत जातो, याचा अर्थ सरासरी एकाच्याही खाली आहे. सगळे इंजिन (उत्पन्न वाढवणारी पत्त्यांची जुळणी) बांधत बसलेत आणि मंगळाला कुणी हात लावत नाही.

यात हमखास दोन गोष्टी सापडतात. पहिली, दर जनरेशनला चारही पत्ते विकत घेण्याची सवय. तीन मेगाक्रेडिटचा (हा खेळातला पैसा) एक, म्हणजे बारा गेले. त्यात दोन घातले की १४ मध्ये 'अॅस्टरॉइड' हा स्टँडर्ड प्रोजेक्ट (पत्त्याशिवाय, नुसते पैसे देऊन करायचं काम) येतो: तापमान एक पायरी वर आणि तुमचं टीआरही (टेराफॉर्म रेटिंग) एकाने वर. ते टीआर पुढच्या प्रत्येक जनरेशनला एक मेगाक्रेडिट देतं आणि शेवटी एक गुण. पुढच्या दोन-तीन जनरेशनमध्ये जो पत्ता खेळायचाच नाही तो स्वस्त वाटला तरी घेऊ नका. दुसरी, साठवून ठेवलेली उष्णता. उष्णतेचे आठ घन (मोजायचे ठोकळे) जमले की तापमान चढवायला एक पैसा लागत नाही, तरी लोक 'नंतर बघू' म्हणत वीस-वीस घन घेऊन बसतात. -२४ आणि -२० या घरांवर पोचणाऱ्याला उष्णतेचं एक-एक प्रॉडक्शन (दर जनरेशनला होणारं उत्पादन) मिळतं, ० अंशाला पोचणाऱ्याला समुद्र. ऑक्सिजन ८ टक्क्यांवर नेणाऱ्याला तापमानाची एक पायरी फुकट. जो थांबतो त्याच्या हातून हे सगळं जातं.

कर्वेनगरचा_फासा

तांबडा_ग्रह यांना अनुमोदन. प्रिल्यूडमध्ये आत काय आहे तेवढं लिहितो.

प्रिल्यूडचे ३५ पत्ते, ५ कॉर्पोरेशन (खेळाडू चालवतो त्या कंपन्या) आणि ७ प्रोजेक्ट पत्ते (नेहमीचे, विकत घेऊन खेळायचे). सुरुवातीला प्रत्येकाला चार प्रिल्यूड वाटायचे, त्यातले दोन ठेवायचे, आणि पहिल्या जनरेशनच्या आधीच ते फुकट खेळायचे. नियम एवढाच. पहिल्या दोन-तीन जनरेशन, ज्यांत एकेक पत्ता खेळून पास म्हणावं लागतं, त्या जवळपास गळून पडतात. एकट्याने खेळायच्या प्रकारात मूळ नियमाने १४ जनरेशन मिळतात आणि प्रिल्यूड घातलं की १२च. ते खेळाला किती पुढे ढकलतं याचा अंदाज त्यावरूनच येतो.

निवड मात्र कॉर्पोरेशन आणि हातातले दहा पत्ते यांच्याबरोबरच करायची, वेगळी नाही. उदाहरणार्थ 'अलाइड बँक्स' ताबडतोब ३ मेगाक्रेडिट आणि ४ चं प्रॉडक्शन देतं. डाव दहा जनरेशन चालला तर शेवटचं प्रॉडक्शन खर्चच करता येत नाही, म्हणून नऊ वेळा चार धरायचे. ३६ अधिक ३, म्हणजे ३९. 'डोनेशन' फक्त २१ देतं, पण आत्ता देतं. हातात पहिल्याच फेरीत खेळण्याजोगा २५-३०चा उत्पादन वाढवणारा पत्ता असेल तर डोनेशन वरचढ ठरतं. 'ग्रेट अॅक्विफर'ने दोन समुद्र लागतात. एरवी एका समुद्राला १८ पडतात, म्हणजे ३६चा माल झाला, त्यात त्या घरांवर छापलेली बक्षिसं आणि दोन टीआर आलेच. प्रिल्यूड खेळताच येत नसेल तर तो टाकून १५ मेगाक्रेडिट घ्यायचे, हे विसरलं जातं.

नव्या खेळाडूला बिगिनर कॉर्पोरेशन द्या. ४२ मेगाक्रेडिट आणि दहाच्या दहा पत्ते फुकट, त्यामुळे सुरुवातीला 'कोणते ठेवू' हा प्रश्नच उरत नाही. त्याच्या पहिल्या डावात कॉर्पोरेट इराचे ७१ पत्ते बाजूला काढा आणि सगळ्यांनी प्रत्येक प्रॉडक्शन १ वरून सुरू करा. ड्राफ्टही त्या दिवशी नको. चार पत्ते हातात, हवे ते घ्या, बाकीचे टाका.

डेक्कन_जिमखाना_बोर्ड

प्रिल्यूड आधी हे मान्य, पण व्हीनस वेळ कमी करतं असं जे ठिकठिकाणी वाचायला मिळतं त्यावर विसंबू नका. त्यामागचं कारण खरं आहे: प्रत्येक जनरेशनच्या शेवटी पहिला खेळाडू जागतिक सरकारच्या नावाने एक पायरी चढवतो. टीआर नाही, बक्षीस नाही. दहा जनरेशनमध्ये अशा दहाएक पायऱ्या फुकट भरतात आणि खेळाडूंच्या वाट्याला बत्तीसच्या आसपास उरतात. पण त्याच पेटीत शुक्राच्या १५ नव्या पायऱ्या येतात (० ते ३० टक्के, दोन-दोनने), आणि डाव संपायला त्यांची गरज नसते. खेळाडू टीआरसाठी तिकडे पैसे लावतात. जागतिक सरकारची पायरीही शुक्रावर टाकता येते, आणि ज्याचं इंजिन अजून तापायचंय तो नेमकं तेच करतो. मंगळ तिथेच राहतो.

टर्मॉइल तर तुमच्या अटीच्या थेट उलट आहे. दर जनरेशनला प्रत्येकाचं टीआर एकाने घसरतं. चौघांत दहा जनरेशन म्हणजे चाळीसच्या आसपास टीआर हवेत गेले, आणि टीआर म्हणजे उत्पन्न. वर सहा पक्ष, प्रतिनिधी आणि तीन टप्प्यांतून पुढे सरकणाऱ्या जागतिक घटना. त्यांतला रेड्स हा पक्ष सत्तेत असला तर प्रत्येक टीआर वाढवताना ३ मेगाक्रेडिट जादा मोजावे लागतात, त्या जनरेशनला सगळे हात आखडतात. माझ्या मते चौघंही नियम न बघता खेळू शकतात तेव्हाच टर्मॉइल उघडावं. मग मात्र ते चारांतलं सगळ्यात खोल आहे.

पर्वतीपायथा

सगळ्यांचे आभार, प्रिल्यूड नक्की केलं. दोन उपप्रश्न. कॉलनीजबद्दल कुणीच लिहिलं नाही, ते पुढचं म्हणून कसं? आणि एकेक वाढवत चारही घातली तर गठ्ठा फुगून पत्त्यांचा मेळ बिघडतो का?

तांबडा_ग्रह

गठ्ठ्याचं आधी. मूळ प्रोजेक्ट पत्ते २०८. चौघांना सुरुवातीला दहा-दहा म्हणजे ४०, नंतर दुसऱ्या जनरेशनपासून दर वेळी १६. दहा जनरेशनच्या डावात ४० अधिक १४४ म्हणजे १८४ पत्ते टेबलावरून जातात. मूळ गठ्ठ्याचा बहुतेक सगळा भाग दिसतो, म्हणून 'गुरूचे टॅग (पत्त्यांवर छापलेल्या खुणा) गोळा करतो, येतीलच' हे धोरण चालतं. प्रिल्यूडचे ७ मिळवून २१५ झाले तरी फार फरक नाही, सुमारे ८६ टक्के दिसतात. व्हीनसचे ४९ आणि कॉलनीजचे ४९ घातले की टर्मॉइल न धरताही ३१३. तेच १८४ आता ५९ टक्क्यांवर आले. एखाद्या ठरावीक पत्त्याची किंवा टॅगची वाट बघणं इथे महागात पडतं. व्हीनसच्या फ्लोटर पत्त्यांचं हेच होतं: एक पत्ता फ्लोटर (पत्त्यावर साठवायचं एक संसाधन) साठवतो, ते खर्च करणारा दुसरा पत्ता कधी येतच नाही. मोठ्या गठ्ठ्यात ड्राफ्ट सोडू नका. तोच एक उपाय आहे, चारऐवजी डोळ्यांखालून जास्त पत्ते तरी जातात.

कर्वेनगरचा_फासा

कॉलनीज दुसरं म्हणून चांगलं. चौघांत सहा वसाहती मांडायच्या (खेळाडू अधिक दोन). व्यापाराला ९ मेगाक्रेडिट किंवा ३ ऊर्जा किंवा ३ टायटेनियम. नवे लोक जवळ पैसे आहेत म्हणून पैसेच देतात, तिथे फसतात.

लूना या वसाहतीची पट्टी (व्यापारात किती मेगाक्रेडिट मिळतात ती) १, २, ४, ७, १०, १३, १७ अशी आहे. मार्कर दुसऱ्या घरातून निघतो आणि जनरेशनच्या शेवटी एक घर सरकतो. कुणी हात लावला नाही तर चौथ्या जनरेशनला तो १० वर असतो. ९ मोजून १० घेतले तर फायदा एकाचा, आणि तिथे ज्याची वसाहत आहे त्याला २ मिळतात. म्हणजे तुम्ही प्रतिस्पर्ध्यालाच जास्त दिलंत. तेच ३ ऊर्जा दिली तर १०च्या १० तुमचे, कारण उरलेल्या ऊर्जेची नाहीतरी उष्णताच होणार होती. थोडक्यात, ऊर्जेचं तीनचं प्रॉडक्शन उभं राहीपर्यंत व्यापारामागे धावू नये. आणि वसाहत बांधायला १७ मेगाक्रेडिट पडतात, ती लवकर बांधली तरच वसूल होते.

वेळेचं म्हणाल तर कॉलनीजने प्रत्येकाच्या वळणात एक निर्णय वाढतो. 'आधी मी जाऊ की त्याला जाऊ देऊ' यात माणसं अडकतात, कारण एका वसाहतीवर एका जनरेशनला एकच जहाज जातं.

टिळक_रोड_टाइल्स

सोंगट्यांबद्दल, कारण अर्धा तास त्यात जातो आणि कुणी लिहीत नाही. मूळ पेटीतले खेळाडूंचे बोर्ड सपाट, पातळ पुठ्ठ्याचे आहेत. कोपर लागलं की सहाही प्रॉडक्शनचे घन जागेवरून हलतात आणि 'माझं टायटेनियम दोन होतं की तीन' हा वाद सुरू होतो. घरांच्या मापाचे चौकोन कापलेलं अॅक्रिलिक वर ठेवलं की प्रश्न मिटतो. नावाच्या पाट्या करणारे लेझरवर कापून देतात, २ मिमी जाडी पुरते. घन पट्टीने मोजून चौकोन अर्धा मिलिमीटर मोठा सांगा, नाहीतर घन आत अडकतो. ते होईपर्यंत निदान जनरेशन संपताना प्रत्येकाने आपली सहा प्रॉडक्शन मोठ्याने म्हणावीत.

संसाधनांचे घन एकाच डब्यात ठेवू नका. पुण्यात बोहरी आळीत खणांचे छोटे प्लास्टिकचे डबे मिळतात, ते दोन घ्या आणि टेबलाच्या दोन टोकांना ठेवा, म्हणजे प्रॉडक्शनच्या वेळी एकच माणूस बँक होत नाही. पत्ते ६३.५ बाय ८८ मिमीचे, त्याच मापाच्या स्लीव्ह (पत्त्यांची प्लास्टिकची पाकिटं) घ्या. जून ते सप्टेंबर आपल्याकडच्या दमट हवेत उघडे पत्ते वाकतात आणि पाठ बघून कोणता ते ओळखू यायला लागतो. मग ड्राफ्टला अर्थ राहत नाही. पेटीत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका. पत्ते जुने-नवे मिसळणार असाल तर सगळ्यांना एकाच प्रकारची स्लीव्ह हवी.

प्रॉडक्शनचा क्रमही पाळा: आधी उरलेली सगळी ऊर्जा उष्णतेच्या घरात सरकवायची, मगच नवं प्रॉडक्शन घ्यायचं. उलट केलं तर नवी ऊर्जाही उष्णता होऊन जाते. हे दिसायला किरकोळ आहे, पण कॉलनीजमध्ये व्यापारच त्या ऊर्जेवर चालतो.

डेक्कन_जिमखाना_बोर्ड

नव्या खेळाडूला एक शेवटी सांगून ठेवा. तिन्ही मोजमापं भरली म्हणजे डाव तिथल्या तिथे संपत नाही. ती जनरेशन पूर्ण होते, प्रॉडक्शन होतं, आणि मग खेळाडूंच्या क्रमाने उरलेल्या वनस्पतींची हिरवळ करता येते, आठ घनांना एक (इकोलाइन या कॉर्पोरेशनला सात). त्या वेळी पैसे खर्चता येत नाहीत, पण टाइलखालची बक्षिसं मिळतात, आणि तिथे वनस्पती मिळाल्या तर त्यांचीही हिरवळ करता येते. ऑक्सिजन भरलेला असल्यामुळे टीआर वाढत नाही. तरी हिरवळीचा एक गुण आणि शेजारी आपलं शहर असेल तर त्याचा एक, असे दोन होतात. शेवटच्या जनरेशनला आठच्या आत वनस्पती घेऊन बसण्यापेक्षा प्रॉडक्शन मिळून आठाचा पाढा पुरा होतो का, हे आधीच मोजलेलं बरं.