निगेटिव्ह तीच, मग जुन्या प्रिंटला एवढा भाव कशाला?

हायपो (रत्नागिरी)
'आंबेवाला पावस' यांनी परवा लिहिलं, की जुन्या छायाचित्रकारांच्या व्हिंटेज प्रिंट्स, म्हणजे फोटो काढला त्याच सुमारास कागदावर उतरवलेल्या प्रती, जमवणं हा पैसेवाल्यांचा खुळेपणा आहे. निगेटिव्ह तीच असते, आज नीट स्कॅन करून भारी कागदावर छापली तर तपशील जास्तच मिळतो, मग पिवळ्या पडलेल्या कागदाला लाखो कशाला मोजायचे? वाचल्यापासून डोकं ठणकतंय, म्हणून सविस्तर लिहितो.

अमेरिकन छायाचित्रकार अँसेल अ‍ॅडम्सचं 'मूनराइज, हर्नांडेझ' घ्या. फोटो १९४१ चा. सुरुवातीच्या प्रिंट्समध्ये आकाश राखाडी आहे, त्यात ढगांच्या फिकट रेषा दिसतात. सत्तरच्या दशकातल्या प्रिंट्समध्ये तेच आकाश जवळपास काळंकुट्ट. माणूस तोच, पण मधल्या तीस वर्षांत त्याची नजर बदलली होती. शिवाय १९४८ मध्ये त्याने त्या निगेटिव्हच्या खालच्या भागावर रसायनाने पुन्हा काम केलं. म्हणजे त्याआधीची प्रिंट नंतर खुद्द अ‍ॅडम्सलाही जशीच्या तशी काढता आली नसती. 'निगेटिव्ह तीच' म्हणता, ती कुठली? निगेटिव्ह म्हणजे गाण्याचं नोटेशन. मैफल कागदावर होते, आणि ती त्या त्या दिवसाची असते.

आंबेवाला पावस
अ‍ॅडम्स तुमच्या सोयीचा आहे, कारण तो स्वतः डार्करूममध्ये राबायचा. फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँचं काय? त्याच्या प्रिंट्स लॅबवाले काढायचे, त्याला त्यात रस नव्हता. तिथे कुठली मैफल? आणि 'मूनराइज'च्या तर हजाराच्या वर प्रिंट्स आहेत, मग दुर्मीळ काय राहिलं? अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन १९५८ मध्ये गेला. पुढे त्याच्या निगेटिव्हवरून मुलाने, कोलने, प्रिंट्स काढल्या. अगदी निगुतीने काढल्या. तरी बाजार बापाच्या हातच्या प्रिंटला कितीतरी जास्त मोजतो. तो भाव चित्राचा नाही, हाताचा आहे. याला मी सोवळं म्हणतो.

वर फसवणूक. अमेरिकन छायाचित्रकार ल्युइस हाइन १९४० मध्ये वारला. १९९९ च्या सुमारास त्याच्या सहीच्या प्रिंट्स तपासल्या तर कागदच त्याच्या मरणानंतर बनलेला. अमेरिकेतले नावाजलेले जाणकार तिथे गंडले. पावसच्या माणसाने कुणाच्या भरवशावर पैसे टाकायचे?

कागदकीडा (पुणे, मूळ आडिवरे)
हाइनचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. लबाडी पकडली कशी? कागद चमकदार दिसावा म्हणून घालतात ती द्रव्यं फोटोच्या कागदात साधारण १९५० नंतर आली. अतिनील दिव्याखाली असा कागद निळसर उजळतो. उजळला तर तो त्याआधीचा नाही. मात्र उजळला नाही म्हणून जुनाच, असंही नाही. सहीवर विसंबू नका, आधी मागची बाजू बघा: एजन्सीचा शिक्का, चिकटवलेली मजकुराची चिठ्ठी, संपादकाची पेन्सिल. ब्रेसाँच्या वृत्तपत्रांकडे गेलेल्या प्रिंट्सना मोल आहे ते यासाठी. लॅबवाल्याने काढल्या असतील, पण छायाचित्रकार हयात असताना त्या टेबलावरून त्या टेबलावर फिरल्यात.

वेंगुर्लेकर
तुमचो वाद चालू ठेवा, पण माका एक सांगा, पावसाळ्यात ती प्रिंट ठेवतलात खंय?

मुंबईतल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून मी साठच्या दशकातली वृत्तसंस्थेची प्रिंट आणली होती. फ्रेम करणाऱ्याने काच थेट कागदावर टेकवली. पहिल्याच पावसाळ्यात कागदावरचा चित्राचा थर, म्हणजे जिलेटिन, फुगून काचेला चिकटलं. सोडवायला गेलो, तर माणसाचा अर्धा चेहरा काचेवर राहिला. मुळात अशा प्रिंटला हवेतली आर्द्रता तीस ते पन्नास टक्के लागते. आमच्याकडे जुलैत नव्वद कुठेच गेली नाही.

गुहागरचा चाकरमानी
म्हणूनच म्हणतो, कोकणात हे ठेवूच नका. वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी आपला संग्रह दिल्लीला, जुनी छायाचित्रं जपणाऱ्या अल्काझी फाउंडेशनकडे सोपवला, म्हणून आज तो धड आहे. आमच्या वाडीत पणजोबांच्या काळातल्या स्टुडिओच्या काचेच्या निगेटिव्ह होत्या. चुलत्यांनी धुऊन खिडकीला बसवल्या. संस्थेकडे असत्या तर वाचल्या असत्या.

वेंगुर्लेकर
आलात मुद्द्यावर! आंबा मुंबईला, माणूस मुंबईला, आता आज्याचा फोटोसुद्धा दिल्लीला. आणि तुमच्या चुलत्यांनी काचा धुतल्या तेव्हा तुम्ही कुठे होतात? गणपतीला चार दिवस येऊन माळ्यावरचं सामान भंगारात काढायला सांगणारे कोण असतात, ते गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

गुहागरचा चाकरमानी
तोंड सांभाळून बोला. घरपट्टी मी भरतो, कौलं मी शाकारून घेतो. बारा महिने गावात राहिलं की जुनं जपता येतं हा तुमचा भ्रम तुमच्याच काचेला चिकटलाय.

हायपो
दोघेही थांबा. काच आणि प्रिंट यांमध्ये माउंट हवा, म्हणजे दोन्ही टेकू न देणारी पुठ्ठ्याची चौकट, आम्ल नसलेल्या बोर्डाची. पश्चिमेच्या भिंतीवर काही टांगायचं नाही. लॅमिनेशन तर कधीच नाही. कॅमेऱ्याच्या लेन्ससाठी मिळतं ते आर्द्रता राखणारं कपाट लहान प्रिंट्सना पुरतं. ते नसेल तर घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल, दाण्यांचा रंग बदलला की तापवून पुन्हा वापरायचे. माझ्या प्रिंट्स रत्नागिरीतच आहेत आणि शाबूत आहेत. दिल्लीला काय ठेवायचं आणि घरी काय, हे वस्तू बघून ठरवावं.

आंबेवाला पावस
'मूनराइज'च्या निगेटिव्हचं १९४८ चं प्रकरण मला माहीत नव्हतं. ठीक, माझं वाक्य त्या चित्रापुरतं मागे घेतो. बाकीचं घेत नाही. कपाट, बोर्ड, दिवा, आणि वर लाखाची प्रिंट. याला छंद म्हणायचं तर पगारदार माणसाने लांबच राहावं.

कागदकीडा
लाखाचीच घ्या असं कुणीच म्हटलेलं नाही. नावाजलेल्याची पिळदार सही नको असेल तर चिठ्ठीसकटची वृत्तपत्री प्रिंट पुष्कळ स्वस्तात मिळते. तुम्ही एक तरी हातात घेऊन, तिरप्या उजेडात बघितली आहे का? स्कॅनमध्ये काळा रंग एकसारखा बसतो. चांदीच्या क्षारांच्या कागदावरच्या जुन्या प्रिंटमधल्या काळ्याच्या आत अजून काही दिसत राहतं.

वेंगुर्लेकर, तुमच्या गावात स्टुडिओच्या काचा अजून कुणाकडे असतील तर पावसात पेट्या उघडू देऊ नका. मी दिवाळीनंतर येतो, एकेक बघू.

वेंगुर्लेकर
येवा. एका घरात दोन पेट्या आहेत, मी बोलून ठेवतो. पण न्यायचं नाव काढू नका.