सोडायचं ते नेमकं काय?

एका ताईंनी विचारलंय, बायबलमध्ये उत्पत्ती 2:24 म्हणतं की पुरुष आईबापास सोडून आपल्या बायकोशी जडून राहील; मग ‘आईबापास सोडणे’ म्हणजे लग्नानंतर वेगळं बिऱ्हाड करायलाच हवं का? मला तसं वाटत नाही. त्या काळच्या इस्राएलातही सून सासरीच नांदायला यायची, मुलगा बहुधा बापाच्याच घरी राहायचा. तरी सोडायला सांगितलंय ते पुरुषाला! आपल्याकडे माहेर सुटतं मुलीचं, मुलाचं काहीच सुटत नाही.

आम्ही सासू-सासऱ्यांसोबत दोन खोल्यांत नऊ वर्षं काढली. पहिलं वर्षभर ह्यांचा पगार थेट आईंच्या हातात जायचा. मला दवाखान्यात जायला शंभर रुपये हवे असले तरी मागावे लागायचे, तेही कारण सांगून. एका एक तारखेला ह्यांनी पाकीट माझ्यापुढे ठेवलं. म्हणाले, “आधी आपण दोघं हिशोब करू, मग आईला घरखर्चाचे देऊ.” आई दोन दिवस बोलल्या नाहीत. पण माझ्या मते आमचं लग्न खरं त्या दिवशी लागलं.

मात्र वचनाच्या नावाखाली म्हाताऱ्यांना वाऱ्यावर सोडणं प्रभू येशूला मान्य नाही. मार्क 7 मध्ये ‘कुर्बान’, म्हणजे ‘हे देवाला वाहिलंय’, असं म्हणून आईबापांचा वाटा अडवणाऱ्यांना त्याने चांगलंच सुनावलंय. आणि उत्पत्तीत ‘जडून राहणे’साठी जो इब्री शब्द आहे, तोच रूथ 1:14 मध्ये आहे. तिथे रूथ कोणाला बिलगते? सासूला, नामीला! मला हे फार आवडतं.

ताई, बिऱ्हाड हलवण्याआधी पगाराचं तेवढं नवऱ्याशी एकदा बोलून बघा.